गर्भपात आणि ख्रिस्ती माणूस: भांडण नेमकं कशाचं?

मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षकखोलीत पेपर हातोहात फिरतो. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, त्यामुळे तिथली बातमी आम्ही गावातली असल्यासारखी वाचतो. गर्भपाताच्या परवानगीचा अर्ज आला की बातमीत हमखास आठवड्यांचा आकडा असतो. २६ आठवडे, २८ आठवडे. एकदा बलात्कारातून दिवस गेलेल्या एका मुलीची बातमी वाचून गणिताच्या सरांनी पेपर खाली ठेवला आणि मला सरळच विचारलं, "मॅडम, तुम्हा ख्रिश्चन लोकांत पोट पाडलेलं चालत नाही म्हणे. मग अशा पोरीनं करायचं काय?"

प्रश्न रास्त होता, पण उत्तर मधल्या सुट्टीत मावणारं नव्हतं. मी विज्ञान शिकवते. साक्रीकडची, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. खाली जे मांडते आहे ती या वादातली एक बाजू आहे आणि ती माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. समोरच्या बाजूचं म्हणणं जिथे मला वजनदार वाटतं, तिथे तसं म्हणेन.

आधी कायदा

बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याकडे गर्भपाताचा हक्क आहे आणि सरकारने त्यावर काही बंधनं घातली आहेत. कायद्याची बांधणी उलटी आहे. गर्भपात घडवणं हा मुळात गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा म्हणजे त्या गुन्ह्यातून डॉक्टरला दिलेली सूट. चोरून, अडाणी उपायांनी पोट पाडताना बायका मरत होत्या, म्हणून १९६४ साली शांतिलाल शाह समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून हा कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

२०२१ च्या दुरुस्तीनंतरचं चित्र असं: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि तेही ठरावीक बायकांसाठी. बलात्काराला बळी पडलेल्या, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग अशा. २४ च्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तरच, तेही वैद्यकीय मंडळाने मान्य केल्यावर. बाकी सगळे कोर्टाच्या दारात, आणि म्हणून पेपरात. आईचा जीव वाचवायला ताबडतोब गर्भपात करणं भाग असेल, तर मात्र आठवड्यांची अट लागूच होत नाही. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

कागदावर "मला नको" एवढं कारण चालत नाही. जिवाला किंवा तब्येतीला धोका आहे, किंवा मुलात गंभीर दोष आहे, असं डॉक्टरला वाटावं लागतं. पण कुटुंबनियोजनाचं साधन फसल्यामुळे होणारा मनस्ताप हीच मनाला झालेली गंभीर इजा, असं कायदा धरून चालतो. त्यामुळे २० आठवड्यांपर्यंत दार बऱ्यापैकी उघडं असतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या त्या सवलतीत घेतलं.

आणि न्यायमूर्तींनाही हे सोपं जात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका आईचं २६ आठवड्यांचं प्रकरण आलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचीच दोन मतं झाली. शेवटी तीन न्यायाधीशांच्या पीठाने परवानगी नाकारली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या एका १४ वर्षांच्या मुलीला जवळजवळ ३० व्या आठवड्यात परवानगी मिळाली, आणि आठवडाभरात आईवडिलांचं मन बदलल्यावर तो आदेश मागेही घेतला गेला.

आठवडे मोजतात कुठून?

इथे फार गोंधळ होतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे "२४ आठवड्यांचा गर्भ" हा खरा २२ आठवड्यांचा असतो.

स्त्रीबीज आणि शुक्राणू गर्भनलिकेत एकत्र येतात, तेव्हा ४६ गुणसूत्रांची एक नवी पेशी होते. ती आईचीही नसते आणि बापाचीही नसते. साधारण आठवडाभराने ती गर्भाशयात रुजते. पाळीपासूनच्या सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत हृदयाची धडधड दिसते. पहिलटकरणीला पोटात हालचाल जाणवते ती बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास. २४ आठवड्यांच्या आगेमागे जन्मलेलं मूल उत्तम सोय असेल तर जगू शकतं. ती सोय मोठ्या शहरात असते, अक्कलकुव्याच्या पाड्यावर नसते. म्हणजे "बाहेर जगू शकेल" ही रेषा बाळापेक्षा दवाखान्याबद्दल जास्त सांगते.

केळीच्या बागेचं उदाहरण, आणि ते कुठे मोडतं

सर रावेरकडचे, केळीवाले. म्हणून मी त्यांना केळीचंच उदाहरण दिलं. कंद लावला, पानं फुटली, घड निसवला, मग कापणी. व्यापारी भाव करतो तो घड बघून. पण निसवायच्या आधी वादळाने बाग आडवी झाली, तर शेतकरी "कंद गेले" म्हणतो का? "बाग गेली" म्हणतो. वाढ सलग असते. मधल्या एखाद्या दिवशी दोरी धरून "इथून पुढे बाग" म्हणता येत नाही. गर्भाचंही तसंच आहे.

सर हसले. म्हणाले, "आणि बुंध्याशी फुटलेली पिलं आम्ही कापतो ते? मोठ्या झाडाचं खाणं तोडतात म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी कापावीच लागतात."

मी गप्प झाले. उदाहरण तिथेच मोडलं होतं. पण मोडलं ते बरं झालं, कारण या वादाचा गाभा त्या मोडलेल्या जागीच आहे. पील जिवंत आहे, केळीचंच आहे, हे सरांनाही मान्य. कापायचं की नाही हा प्रश्न त्याने सुटत नाही. विज्ञान सांगतं की गर्भ जिवंत आहे आणि मनुष्यजातीचा आहे. त्याचं मोल किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. भांडण "जीव आहे का" यावर आहे असं वरवर वाटतं. खरं भांडण "आपल्यात कोणाला धरायचं" यावर आहे.

दोन शब्द आता सांगून ठेवते. गर्भातल्या जिवाला पहिल्यापासून आपल्यात धरावं म्हणणारे ते प्रो-लाइफ. निर्णय शेवटी त्या बाईचा, कारण शरीर तिचं, म्हणणारे ते प्रो-चॉइस.

ख्रिस्ती माणूस त्याला का धरतो?

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात, पहिल्याच अध्यायात, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा केला असं आहे. आमचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. माणसाचं मोल त्याच्या कमाईवर, अकलेवर, ताकदीवर, कुणाला तो हवासा आहे की नाही यावर ठरत नाही. ते दिलेलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजीचं मोल कमी होत नाही, तसं न जन्मलेल्याचंही होत नाही. हे मान्य केलं की आठवडे मोजण्याला फारसा अर्थ उरत नाही.

"पण बायबलमध्ये गर्भपात करू नका असं कुठे लिहिलंय?" असं विचाराल तर सरळ शब्दांत कुठेही नाही. स्तोत्र १३९ मध्ये कवी म्हणतो की आईच्या उदरात देवानेच मला घडवलं. यिर्मया या संदेष्ट्याला देव सांगतो की गर्भात घडवण्याआधीच मी तुला ओळखत होतो. लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरीया आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला जाते, तेव्हा अलीशिबेच्या पोटातला योहान आनंदाने उडी मारतो. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपला अभिमन्यू तर पोटातच चक्रव्यूह ऐकत होता.

उलट बाजूचे लोक बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा २१ वा अध्याय काढतात. मारामारीत गरोदर बाईला धक्का लागून मूल बाहेर पडलं तर दंड, आणि इजा झाली तर जिवाला जीव. ती इजा आईची की मुलाची, यावर अभ्यासकांची आजही दोन मतं आहेत. एका ओळीवर खटला जिंकता येत नाही, आम्हालाही आणि त्यांनाही.

इतिहास जास्त स्पष्ट बोलतो. रोमन जगात नको असलेलं मूल उघड्यावर टाकून देणं हे सर्रास चाले. इसवी सनापूर्वी १ मध्ये इजिप्तमधल्या एका मजुराने गरोदर बायकोला लिहिलेलं पत्र सापडलं आहे: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाक. अशा जगात दिदाखे या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती ग्रंथाने गर्भपात आणि बालहत्या दोन्ही एकाच दमात मना केल्या.

आमच्यात एकमत कायम होतं असं मात्र समजू नका. जीवात्मा गर्भात कधी येतो यावर मध्ययुगात वाद होता. ॲरिस्टॉटलचा हिशेब मुलाला ४० दिवस आणि मुलीला ९० दिवस असा होता (इथेही पोरीला उशीर!), आणि थॉमस अक्विनाससारख्या थोर विद्वानानेही उशिराच्या बाजूनेच कौल दिला. गर्भपात पाप आहे हे मात्र तोही म्हणतच होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या परिपत्रकात कॅथलिकांची भूमिका पुन्हा ठाम केली. खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्या (म्हणजे चर्चचे समुदाय) स्कॅन्डिनेव्हियन मिशनऱ्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या, प्रोटेस्टंट. आमच्यात पोप नाही, आणि एकाच बाकावर बसलेल्या दोघांचं मत वेगळं असू शकतं.

"दोन पेशींच्या गोळ्याला माणूस कसं म्हणायचं?"

समजा, खात्री नाही. जीवात्मा कधी आला, मोल कधी लागलं, ठाऊक नाही. आमच्याकडे कापूस वेचणीला आलेल्या बाया लेकराला लुगड्यात गुंडाळून सरीत निजवतात. वेचणी उरकल्यावर पराट्या, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, मोडायला ट्रॅक्टर येतो. तेव्हा ड्रायव्हर "बहुतेक कुणी नसेल" म्हणून ट्रॅक्टर घालतो का? खाली उतरून बघतो. बघता येत नसेल तर थांबतो. शंका असेल तर तिचा फायदा निजलेल्याला, एवढंच आमचं म्हणणं.

याला प्रो-चॉइस बाजूचं उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. थांबायचा खर्च ड्रायव्हरला पाच मिनिटांचा पडतो, बाईला नऊ महिन्यांचा आणि पुढच्या आयुष्याचा. दुसऱ्याला जगवायला कुणाला स्वतःचं शरीर द्यायची सक्ती करता येते का? मूत्रपिंड द्यायची सक्ती आपण सख्ख्या बापावरही करत नाही. मी यावर म्हणते की मूत्रपिंड न देणं म्हणजे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं, आणि गर्भपात म्हणजे हाताने संपवणं. हा फरक मला पटतो. सगळ्यांना पटत नाही.

"आईचा जीव जात असेल तर?"

तर आईला वाचवायचं. यात ख्रिस्ती शिकवण लोक समजतात तितकी दगडी नाही. गर्भ नलिकेतच राहिला तर नलिका फुटून आई दगावते आणि मूल तर जगूच शकत नाही. तिथे नलिकेचा तो भाग काढणं कॅथलिक विचारवंतांनाही मान्य आहे. हेतू जीव वाचवण्याचा आहे, मुलाचा मृत्यू कळत असला तरी तो हेतू नाही, असा तो विचार. गर्भाशयाच्या कॅन्सरचंही तसंच.

पण तत्त्व दगडी झालं की काय होतं, ते आपल्याच शेजारच्या मुलीने भोगलं. बेळगावची एक तरुण दंतवैद्य २०१२ साली आयर्लंडमध्ये १७ आठवड्यांची गरोदर होती. गर्भपात आपोआप सुरू झाला होता, मूल जगणार नव्हतं. तरी गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले. रक्तात जंतू पसरले आणि ती गेली. २०१८ मध्ये आयरिश लोकांनी सार्वमत घेऊन राज्यघटनेतली गर्भपाताची बंदीच काढून टाकली. प्रो-लाइफ म्हणवणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण तोंडपाठ ठेवावं. तिथे एकही जीव वाचला नाही.

"बलात्कारातून राहिलं असेल तर?"

सरांचा मूळ प्रश्न हाच होता, आणि इथे माझा आवाज खाली येतो. आमचं उत्तर असं, की बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारू नये. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात हे स्पष्ट आहे. तर्क मला चुकीचा वाटत नाही. पण सातवीतली पोर डोळ्यांसमोर आली की तर्क घशात अडकतो. तिचं शरीरच अजून बाळंतपणाला तयार नसतं, तिथे प्रश्न परत आईच्या जिवाचा होतो. अशा पोरीसमोर उभं राहून मी तिला काय सांगेन? आधी तिचं ऐकेन. तिच्या आईबापाला पोलीस ठाण्यात एकटं जाऊ देणार नाही. निकाल मात्र मी देणार नाही. माझ्या बाजूच्या काही जणांना हे पळपुटेपणाचं वाटेल.

जिथे सगळे एकाच बाकावर बसतात

गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, देशाचा १९९४ मध्ये आला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ होत्या. आमचा जळगाव जिल्हा ८४२. केळी, कापूस, सोनं सगळं असलेला जळगाव. आणि ज्याला मागास म्हणतात त्या नंदुरबारचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या वर. सोनोग्राफीचं मशीन कुणाच्या खिशाला परवडलं, ते यावरून कळतं.

मुलगी म्हणून पाडणं वाईट, यावर सरकार, स्त्री चळवळ आणि चर्च एक आहेत. मला यात एक प्रश्न दिसतो. पोटात कुणीच नसेल, तर अन्याय झाला कोणावर? प्रो-चॉइस मैत्रीण म्हणते, जिवंत बायकांवर, सगळ्या स्त्रीजातीवर. बरोबर आहे. पण आपण भित्तीपत्रकावर "स्त्रीजातीचा अवमान थांबवा" लिहीत नाही. आपण लिहितो "लेक वाचवा". लेक म्हणतो. त्या शब्दात आपण तिला आधीच घरात घेतलेलं असतं.

"तुमचा धर्म कायद्यात कशाला?"

१९७१ च्या आधीचा कायदा परत आणा असं मी म्हणत नाही. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असावेत, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत अशा गोळ्या मेडिकलवाल्याकडून नवरा आणतो, आणि रक्त थांबलं नाही की मग बाईला जीपमध्ये घालून नेतात. बंदीने हे थांबणार नाही, आणखी अंधारात जाईल. माझं म्हणणं कायद्याआधीच्या जागेबद्दल आहे: घर, माहेर, मंडळी. बाई "नको" म्हणते तेव्हा बहुधा तिला मूल नको असतं असं नाही. उसतोडीला गुजरातेत जायचं असतं, आधीची दोन लहान असतात, किंवा लग्न झालेलं नसतं.

"जन्मल्यावर तुम्ही कुठे असता?"

सगळ्यात खरा आक्षेप हा. याचं उत्तर महाराष्ट्रात एकाने दिलं होतं, आणि तो ख्रिस्ती नव्हता. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. तिथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. नंतर केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये टाकलेल्या बायकांना आणि लेकरांना जागा दिली. आजही कायदा आहे: मूल सांभाळणं जमत नसेल तर आई जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे ते सोपवू शकते, फेरविचाराला ६० दिवस मिळतात, मग मूल दत्तक जातं. हे किती गरोदर मुलींना कुणी सांगितलेलं असतं?

काही वर्षांपूर्वी एका मंडळीत मी पाहिलेली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. लग्नाआधी दिवस गेलेली एक मुलगी होती. तिने गोळ्या घेतल्या नाहीत. मंडळीने तिला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या पवित्र विधीपासून, थांबवलं. मुलगा त्याच मंडळीतला, तो पुढच्या रविवारी गायकवृंदात होता. महिन्याभराने महिला सभेत गर्भपात पाप आहे यावर संदेश झाला. संदेश संपल्यावर मागे बसलेल्या एका आजीने उठून विचारलं, "पाडू नको सांगतस, मंग तिले घरमा कोन ठेवी?"

पाळकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि समाप्तीची प्रार्थना सुरू केली.